पुंजाजीच्या थापेतला देव

रिठदचा माणूस दोनच कारणांनी रेल्वेत बसतो. एक दवाखाना, नाहीतर देव. तिसरं कारण गावाला पटत नाही. रामधन मागं कधीतरी नुसता समुद्र पाहायला म्हणून मुंबईला जाऊन आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आजही तो चहाच्या टपरीवर येऊन टेकला की कोणीतरी विचारतंच, "काय समिंदर, आज भरती हाय का ओहोटी?" त्याच्या पोराच्या लग्नपत्रिकेत तेवढं 'समिंदर' छापायचं राहिलं, नाहीतर बाकी सगळीकडे तेच नाव चालतं.

म्हणून पुंजाजीनं थाप मारली. माणूस तसा थापाड्या नव्हे. पण सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरून झाला होता, आणि पोरगा हरीओम यानं सगळ्या घराची हैदराबादची तिकिटं मोबाईलवर काढून ठेवली होती. सकाळी टपरीवर देवलानं विचारलं, "पुंजाजी, नवी बॅग घेतली म्हणते. कुठी चालले?" तेव्हा पुंजाजीच्या तोंडात गरम चहा होता. तो गिळता गिळता त्याला समोर रामधन दिसला, आणि तोंडून निघून गेलं, "देवाले."

"कोन्त्या?"

"हाय एक. तिकडे तेलंगणात. उंचावरला देव हाय. लय पायऱ्या चढा लागते. पावते म्हणते."

एवढं बोलून गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण थाप ही गाजरगवतासारखी असते, टाकणारा एकदाच टाकतो, पसरते ती आपोआप. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पुंजाजी उंचावरल्या देवाला चालला. निघायच्या दिवशी बस स्टँडवर येऊन पाहतो तर टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळ उभं, आणि घराघरातून एकेक नारळ आलेला. "माया नावानं फोडजा." "आमच्या सुनेचं नाव घेजा, दोन साल झाले." "हे माया म्हशीसाठी," सोनीबाई म्हणाली. नारळ घ्यायला हात पुरेनात तेव्हा देवलानं घरून सोयाबीनचं रिकामं पोतं आणून दिलं, आणि तेही तोंडापर्यंत भरलं.

सगळ्यात शेवटी रिसोडहून येणाऱ्या बसमधून गुलाम नबी उतरला. हा पुंजाजीचा शाळेपासूनचा दोस्त, रिसोडात त्याचं कापडाचं दुकान. खरी गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक असेल तर यालाच, कारण चारमिनारजवळची लॉज त्यानंच सांगितली होती. त्यानं पिशवीतून एक नारळ काढला आणि अगदी गंभीर चेहरा करून पुंजाजीच्या हातात ठेवला.

"माह्याबी नावाचं एक फोड, यार. तुह्या देवाले सांग, रिसोडहून आलं."

"तू तरी गप बस ना बे," पुंजाजी दातांत बोलला. गुलाम नबी पलीकडे तोंड करून उभा राहिला, पण त्याची पाठ हलत होती.

आता कस्तुराबाई. पुंजाजीच्या बायकोला थापेचा पत्ताच नव्हता. ती बिचारी चारमिनार पाहायला म्हणून नवं हिरवं लुगडं नेसून स्टँडवर आली, तर बायका तिला हळदीकुंकू लावून पाया पडायला लागल्या. ती पदर सावरून बसमध्ये चढली. बस सुटली, गाव मागं पडलं, पोतं सीटखाली नीट सरकवलं, आणि मग बोलली.

"देवाचं नाव घेऊन खोटं बोलले तुमी. आता ह्या पोत्यातलं शेवटलं नारळ त्या उंचावरल्या देवापुढे फुटत नाही, तोवर मी त्या शहरात मान वर करून काईच पाह्यत नसतो. चारमिनारबी नाई."

"अवं, असा देवच नाई ना तथी."

"ते मले कायले सांगता? तुमी सांगतला, तुमीच शोधा."

पुंजाजीला वाटलं, बसमधला राग आहे, वाशीमला रेल्वेत बसेपर्यंत उतरेल. पण ही बाई एकदा बोलली होती की विहिरीला पाणी लागल्याशिवाय वांगं खाणार नाही, आणि पाणी लागेपर्यंत घरात कोणालाच वांगं मिळालं नव्हतं. हे त्याला रेल्वेत बसल्यावर आठवलं.

आणि खरं दुःख वेगळंच होतं. कस्तुराबाई लग्नात जी पत्र्याची पेटी घेऊन आली, तिच्या झाकणावर चारमिनार रंगवलेला होता. नवी नवरी असताना ती पेटी पुसता पुसता बोलली होती, "असं खरंच असते का कुठी?" आणि मिसरूड फुटलेल्या पुंजाजीनं छाती फुगवून सांगितलं होतं, "असते. दाखोतो तुले." त्यावर पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, पेटीचा रंग उडाला, एका कोपऱ्याला पोचा पडून एक मिनार तर पार गेला. दाखवायचं राहूनच गेलं होतं. आता तो दाखवायला निघाला, तर पाहणारीनंच डोळे खाली घातले. पुंजाजीला खिडकीतून बाहेर पाहवेना. आपल्याच जिभेला चिमटा घ्यावा असं त्याला वाटलं.

हैदराबादेत उतरल्यावर त्यानं पाहिलं की बाईनं बोललेलं खरं केलं. पदर नाकापर्यंत ओढलेला, नजर जमिनीला, एका हाताशी नात संस्कृती. पोतं हरीओमच्या खांद्यावर, आणि हरीओमची बायको निकिता मागून, पोतं फाटलं तर नारळ वेचायला. रिक्षावाल्यानं आधी पोत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंडी जाना क्या?"

चारमिनारापाशी सगळी दुनिया वर पाहत होती. पुंजाजीही पाहत होता, पण त्याचं अर्धं लक्ष शेजारच्या पदराकडे. कस्तुराबाई खाली एका कट्ट्यावर पोत्याला टेकून बसली आणि पायाखालच्या फरशीकडे पाहत राहिली.

"आजी, भल्ला मोठा हाय गं," संस्कृती म्हणाली. "वरती घड्याळ हाय. कबुतरं हायेत."

"खालतं काय हाय?"

"खालतं दगड."

"ते दिसून राह्यले. दगड चांगले हायेत. पाया मजबूत हाय."

तेवढ्यात एक बाई आली आणि पोत्यातला एक नारळ उचलून कानाशी हलवून पाहायला लागली. "कित्ते का दिया?" तिच्या मागं आणखी दोघी. कस्तुराबाईनं मान वर न करता तो नारळ तिच्या हातातून काढून घेतला. "हा सोनीबाईच्या म्हशीचा हाय," ती म्हणाली. ती बाई काय समजली देव जाणे, पण निघून गेली. पलीकडचा बांगड्यावाला मात्र येऊन हरीओमला सांगून गेला की इथं गाडी लावायची तर आधी विचारावं लागतं.

दुपारी म्युझियममध्ये पोत्याला टोकन मिळालं. आत ते नामी घड्याळ होतं, ज्यातून तास झाला की छोटा बाहुला बाहेर येतो आणि घण मारून घंटा वाजवतो. शेकडो माणसं माना वर करून वाट पाहत बसली होती. बाहुला आला, घंटा वाजली, लोक खूश झाले. पुंजाजीनं वळून पाहिलं तर कस्तुराबाई समोरच्या रांगेतल्या पायांकडे पाहत होती.

"ह्या गावात चपला लय चांगल्या भेटते," तिनं निकिताला सांगितलं. "पन टाचा कोनी घासत नाई."

निकिता हसली, आणि पुंजाजी मनातल्या मनात हिशेब करायला लागला. एवढा पैका, एवढी रेल्वे, आणि बायको हैदराबादच्या टाचा पाहून घरी जाणार.

त्यानं खटपट सोडली नाही बरं का. रस्त्याच्या कडेला एक शेंदरी मारुती दिसला तर लगेच म्हणाला, "हा पाह्य देव." कस्तुराबाईनं ओट्याची उंची पदराखालूनच जोखली. "हा आपल्या वेशीवरल्यापेक्षाबी लहान हाय. पायऱ्या कुठी हायेत?" टेकडीवरच्या एका संगमरवरी मंदिराचं नाव हरीओमनं काढलं, तर रिक्षावाला म्हणाला, तिथं नारळ आत नेऊ देत नाहीत म्हणतात. पुंजाजीनं चालत्या रिक्षातून गुलाम नबीला फोन लावला.

"यार, उंचावरला देव हाय का कुठी अथी?"

"तूच तर गावाले सांगतला," गुलाम नबी म्हणाला. "मले वाटलं तुले पत्ता मालूम असंल." आणि फोनवर बराच वेळ नुसतं खोकल्यासारखं ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. संध्याकाळी परतीची गाडी होती, म्हणजे सगळं आजच व्हायला पाहिजे होतं. किल्ल्याच्या दरवाज्यात शिपायानं पोतं पाहिलं आणि हात आडवा केला. "सामान उप्पर नक्को. इदरीच रखो." कस्तुराबाईला तेवढंच हवं होतं. ती मोठ्या कमानीच्या सावलीत पोत्याला टेकून बसली. हरीओमचा खांदा सुजला होता, तोही शेजारी बसला. "बाबा, तुमी जाऊन या," तो म्हणाला.

त्याच कमानीखाली एक गाईड टाळ्या वाजवून दाखवत होता. इथं टाळी वाजवली की तिकडे वर, गडाच्या माथ्यावर ऐकू येते; जुन्या काळी असाच निरोप जायचा. लोक टाळ्या वाजवत होते आणि कान लावत होते. पुंजाजीनं विचारलं, "आन वरून खाली?"

"वरून खाली कोण टाळी वाजवतंय, बाबा? वर राजा असायचा," गाईड हिंदीत म्हणाला.

पुंजाजी, निकिता आणि संस्कृती पायऱ्या चढायला लागले. पायऱ्या काही संपेनात. प्रत्येक वळणावर पुंजाजीला आपलीच थाप आठवे: लय पायऱ्या चढा लागते. थाप मारताना गुडघे दुखत नाहीत, चढताना दुखतात. माथा जवळ आला तशी संस्कृती पुढं पळाली, आणि तिथूनच ओरडली.

"आबा, देव हाय वरती."

पुंजाजीला वाटलं पोरगी थट्टा करते. वर जाऊन पाहतो तर मोठाल्या खडकांच्या पोटात रंगवलेलं देवीचं मंदिर, दारात तोरण, उदबत्तीचा वास, आणि पुजारी आरामात बसलेला. पुंजाजी जागच्या जागी गार झाला. आपण चहाच्या घोटाबरोबर उडवून दिलेली थाप इथं कधीपासूनची कुंकू लावून बसली होती, आणि उंचीही बरोबर, पायऱ्याही बरोबर. त्यानं टोपी काढली, दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि आधी माफी मागून घेतली. मग पुजाऱ्याला भीतभीत विचारलं, "यहां नारियल फोडते?"

"हौ. कित्ते बी लाओ."

"पोतंभर हाय."

पुजाऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि जागा सारखी करायला घेतली.

आता खाली सांगायचं कसं? निकितानं हरीओमला फोन लावला, तर हरीओमचा फोन तिच्याच पर्समध्ये वाजला. पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं, एवढं पुंजाजीच्या गुडघ्यात उरलं नव्हतं. पण गळ्यात होतं. रिठदच्या शिवारात पुंजाजीची हाळी मशहूर. नाल्याच्या पलीकडे बैल चुकला तर शेजारचे लोक पुंजाजीला बोलावून न्यायचे. टाळी वर येते तर हाळी खाली काहून जाणार नाही?

तो कठड्यापाशी गेला. खाली दरवाज्यापाशी माणसं तिळाएवढी दिसत होती, पण हिरवं लुगडं त्याला कुठूनही ओळखू आलं असतं. त्यानं तोंडाभोवती हात धरले.

"हरीओमची माय वोऽऽ. देवी हाय वरते. नारळं घेऊन ये."

खालचे सगळे तीळ वर पाहायला लागले. हिरवा ठिपका तेवढा हलला नाही. एक तर बाईनं केलेला पण, आणि दुसरं म्हणजे एवढं लांबलचक वाक्य वाऱ्यानं मध्येच खाऊन टाकलं असणार. हे तर शेतातलं पहिलं शिक्षण: लांब हाळी पोचत नसते. बैलालासुद्धा नुसतं नावानं बोलवावं लागतं.

नावानं. इथं पुंजाजीचं घोडं अडलं. कारण त्यानं लग्नापासून आजपर्यंत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आधी 'अवं', मग 'ऐकलं का', पोरं झाल्यावर 'हरीओमची माय'. मांडवात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या घशाला अशी कोरड पडली की शेवटी त्याच्या मामानं त्याच्या वतीनं उखाणा घेतला होता, आणि त्यावरून दोन्हीकडचे वऱ्हाडी जेवणं होईपर्यंत हसत होते. आणि आता इथं, अर्ध्या दुनियेसमोर, सुनेसमोर, देवीसमोर.

"आबा, मारा ना हाक," संस्कृती म्हणाली.

पुंजाजीनं डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला.

"कस्तुराऽऽऽ"

काय त्या किल्ल्याची बांधणी म्हणावी. नाव खडकावर गेलं, कमानीत शिरलं, दरवाज्यात घुमलं आणि फिरून वर आलं. मधल्या पायऱ्यांवरच्या कॉलेजच्या पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनीही हात तोंडाला लावून तीच हाक पुढं ढकलली. अख्खा गोवळकोंडा कस्तुरा कस्तुरा करायला लागला.

पुंजाजीनं डोळे उघडले. खाली हिरवा ठिपका उभा राहिला होता. पदर मागं घसरला होता, आणि जिथं आतापर्यंत नुसतं हिरवं होतं तिथं एक गव्हाळ टिकली दिसत होती. चेहरा होता तो, आणि वर पाहत होता, सरळ त्याच्याकडे. पुंजाजी नारळ विसरला. तो नुसती टोपी हलवत राहिला. शेवटी संस्कृतीनं सदरा ओढला तेव्हा त्याला आठवलं, आणि त्यानं मंदिराकडे बोट केलं, मग दोन्ही हातांनी हवेतला नारळ हवेतल्या दगडावर फोडून दाखवला. तिला कळलं. तिला त्याचं सगळंच कळायचं.

पुढचं हरीओमनं नंतर सांगितलं. शिपायाला कळलं की नारळ वरच्या देवीला आहेत, तर तोच चिडला. "अम्मा के वास्ते है तो पैले बोलना था ना." त्यानं पोत्याला हात लावला, हाक ढकलणारी पोरं खाली धावली, ज्यानं त्यानं दोन-दोन नारळ घेतले, आणि पुंजाजीच्या गावाची वरात गड चढायला लागली. सगळ्यांच्या मध्ये कस्तुराबाई होती, आणि तिनं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला होता.

"वर पाह्यलं का नाई तू?" पुंजाजीनं ती पोचल्या पोचल्या विचारलं.

"मी काई पाह्यलं नाई," ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "कोनी नाव घेतलं म्हून ओ देली." पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि त्या काही पायऱ्यांनी झाल्या नव्हत्या.

मग नारळ फुटायला लागले. कोणाचा कोणता, हे कस्तुराबाई शेंडीवरून सांगायची. "हा सोनीबाईच्या म्हशीचा. हा देवलाचा. हा रामधनचा, त्याच्या नावानं जरा जोरात फोडा, त्याले गाव लय तरास देते." पुजारी प्रत्येकाचं नाव आणि गोत्र विचारून मंत्र म्हणायचा. एक नारळ हातात घेऊन कस्तुराबाई म्हणाली, "हा गुलाम नबी भाऊचा."

"गोत्रम?"

पुंजाजी गडबडला. "रिसोड," तो म्हणाला.

पुजाऱ्यानं मान डोलावली आणि रिसोड गोत्राच्या गुलाम नबीला दीर्घायुष्य मागितलं, खणखणीत आवाजात.

शेवटी एक नारळ उरला. तो घरचा होता. कस्तुराबाईनं तो नवऱ्याच्या हातात दिला. "हा थापेचा. तुमीच फोडा." तो नारळ एका फटक्यात फुटेना. दोन फटक्यांत फुटेना. कॉलेजची पोरं मोजायला लागली तशी पुंजाजीनं देवीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कबूल केलं, माय, आता चहा पिता पिता बोलणार नाही. मग फुटला.

कस्तुराबाईनं पदर मागं टाकला, मान वर केली, आणि आधी देवीला हात जोडले. मग ती वळली आणि खाली पसरलेलं अख्खं शहर तिनं पाहून घेतलं.

गाडीला फार वेळ नव्हता. तरी पुंजाजीनं रिक्षा चारमिनारावरून घ्यायला लावली. पोतं आता प्रसादाचं झालं होतं, हलकं होतं. कालच्याच कट्ट्याजवळ कस्तुराबाई उभी राहिली आणि तिनं वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बोट वर करून एकेक मिनार मोजला.

"चार हायेत," ती म्हणाली.

"मंग? नावच हाय ना तसं."

"पेटीवर तीनच राह्यले आता. मले वाटे, तुमी दाखोत दाखोत इकडचाबी एखादा पडून जाते का काय."

 पुंजाजीनं टोपी काढली आणि पुन्हा सारखी केली. हरीओम घड्याळ पाहत होता. "माय, चाल ना, गाडी जाईन."

"पाहू दे तिले," पुंजाजी म्हणाला. "गाडी दुसरी येते."

कस्तुराबाईनं वरची नजर काढली नाही. तशीच मान वर ठेवून ती हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल अशी बोलली.

"आन ऐका. ते नाव गावात घेऊ नका. लोक समिंदर परवडला म्हणतीन." मग ती म्हणाली, "शेतात, कोनी नसलं तर, चालते."